जुन्या पेट्रोल गाडीला बॅटरी बसवायची, तर सरकारचा हातभार किती?

मुलुंडला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहतात. त्यांची २०१२ सालची छोटी पेट्रोल गाडी आहे, १२०० सीसीच्या आसपासची. इतक्या वर्षांत जेमतेम पासष्ट हजार किलोमीटर चाललेली, कुठे गंज नाही, दर रविवारी फडक्यानं पुसलेली. गेल्या महिन्यात त्यांनी मला जिन्यात गाठलं. "इंजिन काढून मोटर टाकली की सरकार पैसे देतं म्हणे. खरं का रे? तू ह्या विषयावर वाचत असतोस."

मी म्हटलं, नीट बघून सांगतो. बघायला बसलो तेव्हा लक्षात आलं की ह्या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही. पैसे मिळत नाहीत, पण काही खर्च वाचतात. आणि ते वाचण्याची वाट आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, एका ओळीतून जाते. काकांना जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न पडलेले पुष्कळ जण मुंबईत असणार.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर जसं अनुदान मिळतं, तसं जुनी गाडी बदलून घेणाऱ्याला मिळत नाही. केंद्राची सध्याची योजना म्हणजे पीएम ई-ड्राइव्ह. ती १ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, तिची तरतूद १०,९०० कोटी रुपयांची. तिच्यात दुचाकी आहेत, तीनचाकी आहेत, बस, ट्रक आणि रुग्णवाहिका आहेत, चार्जिंग स्टेशनांसाठी २,००० कोटी आहेत. खासगी मोटारगाडी नाही. नवीही नाही, मग जुनी बदललेली कुठून असणार? तिच्या आधीची फेम-२ ही योजना एप्रिल २०१९ पासून मार्च २०२४ पर्यंत चालली. तिच्यात मोटारगाड्यांना मदत होती, पण ती टॅक्सीसारख्या व्यावसायिक वापराच्या गाड्यांना.

राज्याचं बोलायचं तर महाराष्ट्राचं आत्ताचं इलेक्ट्रिक वाहन धोरण २०२५ मध्ये आलं. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी, मे महिन्यात शासन निर्णय, मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत, एकूण तरतूद १,९९३ कोटी. त्यातलं खरेदीवरचं अनुदान नव्या गाडीच्या मूळ किमतीच्या टक्केवारीत मोजलेलं आहे. काकांच्या गाडीला 'मूळ किंमत' आता कुठली? ती त्यांनी २०१२ मध्येच मोजली.

सगळी मेख इथे, 'खरेदी' ह्या एका शब्दात आहे. आपल्याकडचं जवळजवळ प्रत्येक प्रोत्साहन गाडी विकत घेण्यासाठी लिहिलंय. बदलून घेणं हा वेगळा व्यवहार आहे, आणि कागदावर त्याला स्वतःचा रकाना नाही. आयकरातही तेच झालं होतं. ८०ईईबी कलमाखाली इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची दीड लाखापर्यंत वजावट मिळायची, १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ ह्या काळात मंजूर झालेल्या कर्जांना. तिथेही शब्द होता, गाडी 'खरेदी' करण्यासाठी घेतलेलं कर्ज.

हा शब्द कुणी मुद्दाम आडवा घातलाय असं मला वाटत नाही. अनुदान कसं वाटलं जातं ते पाहिलं की कारण कळतं. फेमसारख्या योजनेत पैसे ग्राहकाच्या हातात येत नाहीत. कंपनी आपलं मॉडेल सरकारकडे नोंदवते, तपासून घेते, गिऱ्हाइकाच्या बिलातून अनुदानाची रक्कम आधीच वजा करते आणि नंतर सरकारकडून भरून घेते. म्हणजे सरकारला हिशेब ठेवावा लागतो तो मोजक्या कारखान्यांचा. बदललेल्या गाडीत प्रत्येक गाडी निराळी: एकीचा पत्रा धड, दुसरीचा सडलेला, तिसरी पुरात बुडून आलेली. सरकारी यंत्रणेला अशा गाड्या मोजणं जड जातं. आणि नव्या गाड्यांच्या बाबतीतही, देशी सुट्या भागांचे नियम न पाळता अनुदान घेतलं म्हणून २०२३ मध्ये काही दुचाकी कंपन्यांकडून ते परत मागावं लागलं होतं. तेव्हा भीती अगदीच निराधार नाही.

मग वाचतं काय?

इथून पुढे आरसी हातात घेऊन वाचा. तिच्यावर इंधनाचा रकाना असतो. तिथे 'पेट्रोल' आहे तोवर तुमच्या बोनेटखाली काहीही असो, सरकारच्या लेखी ती पेट्रोल गाडीच. तिथे 'इलेक्ट्रिक' अशी नोंद झाली की बाकीची दारं उघडायला लागतात.

पहिलं दार पुनर्नोंदणीचं, आणि काकांच्या दृष्टीनं हेच सगळ्यात जवळचं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी पुन्हा पासिंगला न्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारगाडीचं नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी ते १०,००० केलं गेलं. त्याशिवाय पेट्रोल गाडीला राज्याचा पर्यावरण कर. उलट केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेनं बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना नोंदणी आणि नूतनीकरण ह्या दोन्हींच्या शुल्कातून सूट दिली. त्या नियमात गाडी नवी असावी असं नाही, बॅटरीवर चालणारी असावी एवढंच आहे. 'खरेदी' हा शब्द जिथे नाही, तिथे बदललेल्या गाडीला वाव आहे, तो असा.

दुसरं दार विम्याचं. थर्ड पार्टी विम्याचे दर सरकार ठरवतं. जून २०२२ च्या दरपत्रकात १,००० ते १,५०० सीसीच्या पेट्रोल गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये आहेत, तर ३० ते ६५ किलोवॅटच्या इलेक्ट्रिक गाडीला २,९०४. म्हणजे बरोबर १५ टक्के कमी. मोटर ३० किलोवॅटपर्यंतचीच असेल तर १,७८०. मोठी रक्कम नाही, पण दर वर्षी वाचते. मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा, तो कंपनी ठरवते, आणि बदललेल्या गाडीची किंमत किती धरायची ह्यावर तिथे घासाघीस होते. किटची, म्हणजे बदलासाठी बसवलेल्या मोटर-बॅटरीच्या संचाची, किंमत विम्यात लिहून घेतली नाही तर पाच लाखांची बॅटरी-मोटर अपघातात गेली, तरी हातात जुन्या गाडीचे दीड लाख पडतील.

पीयूसीचं फार बोलण्यासारखं नाही. धूरच नाही, तेव्हा पीयूसी लागत नाही.

टोलचा मुद्दा मात्र मुंबईकरांसाठी मोठा आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग ह्या तीन रस्त्यांवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिची अंमलबजावणी सुरू झाली. द्रुतगती मार्गाचा मोटारीचा एका वेळचा टोल ३२० रुपये. महिन्यातून दोनदा पुण्याला जाऊन येणाऱ्याचे वर्षाला १५,३६० रुपये होतात. अटल सेतूचे एका बाजूचे २५०, रोज नवी मुंबईला जाणाऱ्यानं हिशेब स्वतःच करावा. (दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी ह्या मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाहीच, तेव्हा ते ह्यात धरू नका.) टोलनाक्यावरचा माणूस बोनेट उघडून बघत नाही. फास्टॅगमागे 'वाहन' ह्या सरकारी प्रणालीतली नोंद असते आणि ती बोलते. म्हणून आरटीओत फाइल गेली, शिक्का बसला, एवढ्यावर समाधान मानू नये. 'वाहन'मध्ये इंधन बदललेलं दिसतंय का ते स्वतः मोबाइलवर बघावं, आणि फास्टॅग दिलेल्या बँकेला नवी आरसी पाठवून लेखी उत्तर घ्यावं.

राहिला मोटार वाहन कर. जाहिरातींत 'शंभर टक्के करमाफी' असं मोठ्या अक्षरांत असतं. ती खरीच आहे, पण नव्या गाडीच्या बाबतीत. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा एकरकमी कर दहा लाखांपर्यंतच्या गाडीला ११ टक्के असतो, म्हणून नव्या इलेक्ट्रिक गाडीला ही माफी लाखाच्या घरात जाते. काकांनी आपला कर गाडी घेतली तेव्हाच भरला. तो परत मिळत नाही. किट विकणारा कुणी ह्या माफीचा आकडा तुमच्या बचतीत धरून दाखवत असेल, तर त्याला तो रकाना खोडायला सांगा.

आता ह्याच्या उलट बाजूचंही बोललं पाहिजे. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, ऑगस्ट २०१९ पासून. पण तुम्ही बॅटरी, मोटर, कंट्रोलर असे सुटे भाग घेता तेव्हा त्यांच्यावर १८ टक्के लागतो. समजा बॅटरीची करापूर्वीची किंमत अडीच लाख असली, तर त्यावर ४५,००० कर. तीच बॅटरी नव्या गाडीच्या पोटात आली असती तर तिच्या वाट्याला १२,५०० आले असते. रस्त्यावर दोन्ही गाड्या सारख्याच बिनधुराच्या, आणि जुनी गाडी वाचवणाऱ्याला साडेबत्तीस हजारांचा जादा भुर्दंड. अनुदान नाही हे मी समजू शकतो. हे मात्र मला अजिबात पटत नाही.

कायद्यानं चालतं का?

चालतं, पण वाटेल तसं नाही. गाडीत कंपनीनं दिलेल्यापेक्षा वेगळं काही केलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध स्पष्ट निकाल दिला. पण त्याच कलमात एक मोकळीक लिहिलेली आहे: वेगळ्या इंधनावर किंवा ऊर्जेवर गाडी चालावी म्हणून मान्यताप्राप्त किट बसवता येईल, आणि त्या यादीत सीएनजी, एलपीजीच्या जोडीला बॅटरीचं नाव आहे. मुंबईकराला हे समजायला सोपं जावं. सीएनजी किट बसवून आरसीवर नोंद करून घेतलेल्या हजारो गाड्या आपल्या आजूबाजूला आहेत. कायद्याची वाट तीच.

फरक इतकाच की सीएनजीत इंजिन जागेवर राहतं आणि डिकीत एक टाकी वाढते. इथे इंजिन, पेट्रोलची टाकी, सायलेन्सर, रेडिएटर सगळं बाहेर येतं. मोटर बसते, बहुतेक वेळा जुन्या गिअरबॉक्सलाच जोडून. बॅटरीचे डबे काही बोनेटखाली, काही डिकीत जातात. दिवे, वायपर, हॉर्न बारा व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी मोठ्या बॅटरीचा दाब उतरवणारा वेगळा डबा लागतो. आणि एक गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. ब्रेक दाबताना पायाला जी मदत मिळते ती इंजिनच्या ओढीतून तयार होणाऱ्या निर्वात दाबामुळे. इंजिन गेलं की ती मदत गेली. म्हणून विजेवर चालणारा पंप बसवावा लागतो. एसीचा कॉम्प्रेसरही इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा, तोही विजेचा घ्यावा लागतो. गल्लीतल्या गॅरेजवाल्यानं स्वस्तात काम करून देतो म्हटलं तर आधी ह्या दोन वस्तूंबद्दल विचारा. उत्तर द्यायला तो अडखळला तर गाडीची चावी परत घ्या.

ह्या कामासाठी एआयएस-१२३ नावाचं मानक आहे. त्याचा तिसरा भाग पूर्ण इलेक्ट्रिक बदलासाठी. किट बनवणाऱ्यानं ते पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा सरकारमान्य चाचणी संस्थेकडून मंजूर करून घ्यावं लागतं. ही मंजुरी किटला सरसकट मिळत नाही, ठरावीक मॉडेलांसाठी मिळते. एका गाडीसाठी मंजूर झालेलं किट दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसवलं तर ते बेकायदा. बहुतेकांचा मनसुबा इथेच अडतो, कारण मंजूर मॉडेलं थोडी आहेत. बॅटरीच्या सुरक्षिततेचं मानक वेगळं, आणि आगी लागण्याच्या घटनांनंतर डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्यानं कडक केलं गेलं. किट त्याच्या आधीच्या चाचणीवर विकलं जात नाही ना, ते बघावं.

आणि मुंबईचा म्हणून एक प्रश्न: पाणी. हिंदमाता, मिलन सबवे, आमच्याकडचा एलबीएस रोड, दर पावसाळ्यात कुठे ना कुठे गुडघाभर पाण्यातून गाडी काढावी लागते. बॅटरीच्या डब्यावर आयपी६७ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी शिरता कामा नये. पण ही खात्री त्या डब्यापुरती. जोडणीच्या तारा आणि प्लग ह्यांचंही तसंच आहे का ते वेगळं विचारायचं.

मंजुरीशिवाय बदल केला तर काय, असंही काकांनी विचारलं. कलम १८२अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलागणिक ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. माझ्या मते दंडापेक्षा विमा नाकारला जाणं जास्त भयंकर. कुणाला धक्का लागला आणि कागद खोटे निघाले, तर भरपाईचा सगळा बोजा घरावर येतो.

कागद कुठले लागतात ते थोडक्यात: किटच्या मंजुरीचं प्रमाणपत्र, बसवणाऱ्या अधिकृत केंद्राचा दाखला आणि बिल, चालू विमा, आरसी, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेची ना हरकत. आरटीओचा निरीक्षक गाडी बघतो आणि मग नोंद बदलते. नंबर प्लेट हिरवी होते, खासगी गाडीला पांढरी अक्षरं.

हिशेब जुळतो का?

छोट्या गाडीच्या बदलाला आज साधारण चार ते सहा लाख लागतात. पाच धरू. त्यात वीसेक युनिट वीज साठवणारी बॅटरी येते असं समजू. मुंबईच्या गर्दीत पेट्रोल गाडी लिटरला बारा किलोमीटर देते. पेट्रोल इथे मे २०२१ मध्ये शंभरी पार करून गेलं, आपण १०३ धरू. म्हणजे किलोमीटरला साडेआठ रुपयांच्या वर. विजेचं युनिट दहा रुपये आणि चार्जिंगमधली गळती धरून युनिटला सहा किलोमीटर म्हटले, तर एक रुपया सत्तर पैसे. किलोमीटरमागे सात रुपये वाचले.

काकांची गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटर चालते. बचत ३५,०००. पाच लाख वसूल व्हायला चौदा वर्षं. तोवर बॅटरी थकलेली असेल आणि काका ऐंशी पार. रोज ठाण्याहून अंधेरीला जाणारी, वर्षाला बारा हजार किलोमीटर करणारी माझी मामेबहीण हाच बदल करेल तर तिची बचत ८४,०००, सहा वर्षांत वसुली.

सरकारनं मदत केली असती तर? राज्याच्या २०२१ च्या धोरणात बॅटरीच्या प्रत्येक युनिटमागे ५,००० रुपये असं अनुदान होतं, नव्या मोटारीला जास्तीत जास्त दीड लाख. तोच हिशेब ह्या वीस युनिटांच्या बॅटरीला लावला तर एक लाख होतात. बहिणीची सहा वर्षं पाचाच्या आत येतात. काकांची चौदाची अकरा होतात, म्हणजे त्यांना तेव्हाही परवडत नाही. पैसे देऊनही जिथे फरक पडत नाही तिथे सरकारनं ते का द्यावेत, हा प्रश्न मला रास्त वाटतो. जो जास्त चालवतो त्याच्याकडे मदत जायला हवी, कारण धूरही त्याच्याच गाडीतून जास्त निघतो.

इतरांनी काय करून पाहिलं

तेलंगणानं नेमकं हेच हेरलं. त्यांच्या २०२० च्या धोरणात जुन्या रिक्षा इलेक्ट्रिक करण्याच्या खर्चाच्या १५ टक्के, कमाल १५,००० रुपये, आणि पहिल्या ५,००० रिक्षांना, अशी तरतूद केली. रक्कम लहान, पण दिवसभर फिरणाऱ्या गाडीला. दिल्लीनं वेगळाच रस्ता धरला. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी बंदी आली, आणि २०२१ च्या अखेरीस दिल्ली सरकारनं मान्यताप्राप्त किट बसवून अशी डिझेल गाडी वाचवण्याची मुभा दिली. पैसा न देता 'गाडी जगू देऊ' हेच प्रोत्साहन. मुंबईत खासगी गाडीला अशी सरसकट वयाची बंदी नाही, म्हणून इथे तो दबावही नाही आणि ते आमिषही नाही.

परदेशातली दोन उदाहरणं सांगतो, कारण 'अमेरिकेत तर देतात' असं वाक्य चर्चेत येतंच. अमेरिकेनं २००९ च्या कायद्यानं गाडी प्लग लावून चार्ज होणारी करून घेणाऱ्याला खर्चाच्या १० टक्के, कमाल ४,००० डॉलर, करात सूट दिली होती. ती २०११ संपताना संपली. फ्रान्सनं २०२० मध्ये आधी नियम सोपे केले. पाच वर्षांपेक्षा जुनी गाडी मान्य किटनं बदलता येईल असं ठरवलं, आणि मग त्याच वर्षी ५,००० युरोपर्यंत मदत जाहीर केली. आधी नियम, मग पैसा हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. मंजूर किटच नसेल तर अनुदानाचा कागद घेऊन माणूस जाणार कुठे?

आपल्याकडे सरकारचा ओढा उलट दिशेला आहे: गाडी भंगारात द्या आणि नवी घ्या. मान्यताप्राप्त केंद्रात जुनी गाडी मोडली की जमा प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्रानं राज्यांना दिली आहे. खिळखिळ्या गाड्यांसाठी हे योग्यच. पण काकांच्या गाडीसारखा धडधाकट सांगाडा मोडून नवा पत्रा, नवी काच, नवे टायर घडवायला जी ऊर्जा लागते ती कुणाच्याच हिशेबात नाही.

ह्या शहराला गाड्या बदलायचा अनुभव नाही असंही नाही. नव्वदीच्या अखेरीस धुरानं हैराण झालेल्या नागरिकांची याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेव्हाचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पुढच्या काही वर्षांत न्यायालयाच्या आदेशांमुळे काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या पद्मिनी डिकीत टाकी घेऊन २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावल्या. तिथे काम झालं ते रोख अनुदानामुळे नाही. आदेश होता, गॅस भरायला पंप होते आणि रोजचा खर्च डोळ्यांना दिसेल इतका कमी होत होता. पुढे २०२३ मध्ये पुन्हा उच्च न्यायालयानं हवेचा विषय स्वतःहून हाती घेतला, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई महानगरात फक्त सीएनजी व इलेक्ट्रिक गाड्या ठेवता येतील का हे तपासायला राज्यानं समिती नेमली. उद्या असा काही नियम खरोखर आलाच, तर लाखो चालत्या पेट्रोल गाड्यांचं काय, हा प्रश्न त्याच दिवशी उभा राहील. त्याची तयारी आत्ता करावी असं मला मनापासून वाटतं: किटवरचा जीएसटी नव्या गाडीइतका करावा, टॅक्सी, रिक्षा आणि छोट्या टेम्पोंच्या जास्त खपाच्या मॉडेलांची मंजुरी चाचणी सरकारनं स्वखर्चानं करून घ्यावी, आणि अनुदान द्यायचंच तर ते आधी त्यांना द्यावं. ह्यात पहिल्या दोन गोष्टींना फारसा पैसाही लागत नाही.

काकांना मी हे सगळं त्यांच्याच ओट्यावर बसून सांगितलं. त्यांनी मागच्या कॅलेंडरच्या कोऱ्या पानावर आकडे मांडले. गाडीची नोंदणी ऑगस्ट २०२७ मध्ये संपते. पेट्रोलच ठेवली तर ५,००० शुल्क, वर पर्यावरण कर, फिटनेस. बदलली तर शुल्क नाही, विम्यात वर्षाला पाचशे ते सोळाशे रुपये कमी, आणि मुलगी पुण्याला असल्यामुळे टोलचेही काही हजार. टोलच्या रकमेभोवती त्यांनी दोनदा गोल काढला. ते धरून चौदा वर्षांचा आकडा खाली येत होता.

"आधी माझ्या मॉडेलचं मंजूर किट आहे का ते तरी कळू दे," म्हणाले. आरसीचा फोटो काढून त्यांनी दोन किटवाल्यांना पाठवला आणि मंजुरीचं प्रमाणपत्र मागितलं. एकानं फोन करून किंमत सांगितली. प्रमाणपत्र अजून दोघांनीही पाठवलेलं नाही.